तालमीची खोली परत मिळावी: नगरपरिषदेस एका नाट्यदिग्दर्शिकेचे खुले पत्र

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, माननीय मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या मागील सर्वसाधारण सभेत शहराचे सांस्कृतिक सभागृह नऊ वर्षांच्या कराराने एका खासगी कंत्राटदारास चालवायला देण्याचा, आणि सभागृहाच्या मागच्या बाजूची तालमीची खोली त्याच करारात त्याच्या सामानासाठी मोकळी करून देण्याचा ठराव मंजूर झाला. ठरावाची प्रत मी माहितीच्या अधिकारात मागवून वाचली. दीड पानाच्या त्या ठरावात उत्पन्नाचा विचार आहे, देखभालीच्या खर्चाचा विचार आहे, वाहनतळाचाही आहे. ज्या कामासाठी हे सभागृह बांधले गेले त्या नाटकाचा शब्द मात्र कोठेही नाही. हे पत्र मी आपल्या कार्यालयात रीतसर दिले असून आता जाहीरही करीत आहे, कारण ज्यांच्या घरपट्टीतून ही वास्तू उभी राहिली आणि ज्यांनी तिथे बसून नाटके पाहिली, त्यांच्यापर्यंत हा ठराव पोहोचलेला नाही.

प्रथम माझा या खोलीशी संबंध सांगते. मी याच शहरात वाढले. दहावीच्या सुटीत त्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकले ते संहितेची पाने धरून बसण्यासाठी. पुढे नाट्यशास्त्राचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण बाहेरगावी घेतले आणि शिक्षण संपल्यावर मुंबई-पुण्याला न थांबता परत आले. गेली पाच वर्षे मी इथल्या सोळा जणांच्या हौशी संस्थेसाठी नाटके बसवते. या सोळांत दोन प्राथमिक शिक्षक आहेत, एक एसटी वाहक आहेत, धानाच्या गिरणीत हिशेब लिहिणारे एक गृहस्थ आहेत, सहा महाविद्यालयीन मुली आहेत आणि उरलेले शेती सांभाळणारे तरुण आहेत. दिवसाचे काम आटोपून ते संध्याकाळी सात वाजता येतात आणि दहाला घरी जातात. त्यांना एकत्र बसायला शहरात दुसरी जागा नाही.

दिग्दर्शक कसा घडतो, हे या ठिकाणी थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ठराव करताना आपल्यासमोर ‘एक रिकामी खोली’ एवढेच चित्र असावे असे वाटते. नाट्यशास्त्राच्या वर्गात मला पुष्कळ मिळाले. संहितेचे तुकडे कसे पाडावेत, प्रवेशातला ताण कोठे चढतो आणि कोठे उतरतो, नेपथ्याचा आराखडा मोजमापाने कसा काढावा, दिव्याचा कोन बदलला की चेहरा कसा बदलतो, हे सगळे मी तिथे शिकले आणि त्या शिक्षणाची मी ऋणी आहे. परंतु दोन वर्षांत स्वतः पूर्ण लांबीचे नाटक बसवण्याची संधी एकदाच मिळाली, आणि त्याचे प्रेक्षकही आम्हीच विद्यार्थी आणि आमचे शिक्षक होतो. समोर बसलेला माणूस तुमच्या ओळखीचा नसेल, त्याने तिकिटाला पैसे मोजले असतील आणि न आवडल्यास तो उठून जाणार असेल, तेव्हा काय होते ते वर्गात कळत नाही.

ते मला झाडीपट्टीने शिकवले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही रंगभूमी आपल्याला नव्याने सांगायला नको. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी मंडईच्या (गावजत्रेच्या) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतींच्या) निमित्ताने धान कापलेल्या शेतात कनाती लागतात, गडचिरोली जिल्ह्यातील वडशाहून नाटक मंडळी गाडीने येतात, रात्री दहाच्या सुमारास नाटक उभे राहते आणि उजाडेपर्यंत चालते. याच रंगभूमीतील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या जिल्ह्यांत घरोघरी आनंद झाला होता. शिक्षण संपवून आल्यावर एक पूर्ण हंगाम मी एका मंडळीत प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे विंगेतून नटांना संवाद सांगण्याचे, काम केले. तिथे तालमीला वेळ थोडा असतो, म्हणून प्रॉम्प्टरवर सारी भिस्त. विंगेत स्टुलावर बसून मी एका डोळ्याने वही वाचत असे आणि दुसऱ्याने प्रेक्षकांकडे पाहत असे. पहाटेच्या थंडीत तणसावर चादरी अंथरून बसलेल्या बाया शाल सावरू लागल्या, मांडीवरचे लेकरू खांद्यावर घेऊ लागल्या, की त्या प्रवेशात काहीतरी सैल आहे हे मला कळू लागले. मी वहीच्या समासात तिथे पेन्सिलीने फुली मारत असे. पुढच्या गावीही बाया त्याच ओळीजवळ हलत. पाच-सहा गावांनंतर एका ज्येष्ठ नटाला मी त्या फुल्या दाखवल्या. ते म्हणाले, “बाई, लोकं सकाळपर्यंत बसतेत. त्यायले झोप नाही आली पायजे, बस.” त्या रात्री त्यांनी पहिल्या फुलीपाशी चार ओळी गाळल्या आणि हातातली काठी खाली ठेवली. बाया हलल्या नाहीत.

हे मी आठवणी सांगण्यासाठी लिहीत नाही. त्या समासातल्या फुल्या घेऊन मी परत आले ती याच तालमीच्या खोलीत. नाटकात काय चुकते ते प्रयोगात दिसते, पण ते दुरुस्त करता येते ते तालमीत. पहिले आठ दिवस वाचन, मग हालचाली, मग एकेक प्रवेश सुटा करून पुन्हा पुन्हा, मग सलग तालीम आणि शेवटी रंगीत तालीम, असे पावणेदोन महिने काम केल्यावर दोन तासांचे नाटक उभे राहते. गेल्या वर्षी आमच्या वाहक सहकाऱ्यांना बापाच्या भूमिकेत मुलीच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यायचा होता. तो घेताना ते प्रत्येक वेळी बोलत. न बोलता तो घ्यावा हे त्यांना पटायला अकरा संध्याकाळी लागल्या. बाराव्या संध्याकाळी त्यांनी तांब्या घेतला, पाणी पिऊन तो तसाच हातात धरला आणि मुलीकडे पाहिले. खोलीत कोणी काही बोलले नाही. माझे दिग्दर्शनाचे जे काही शिक्षण झाले असेल, त्यातला मोठा वाटा अशा संध्याकाळींचा आहे, आणि त्या संध्याकाळी भाड्याने मिळत नाहीत.

आता तक्रारी. पहिली तक्रार अर्थातच खोलीची. ठरावानंतर आठ दिवसांनी मी नेहमीप्रमाणे किल्ली मागायला गेले, तेव्हा कुलूप बदललेले होते. रखवालदारांनी भलेपणाने दार उघडून दाखवले. आत छतापर्यंत गाद्या, उशा आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी होती. फरशीवर खडूने आखलेला आमच्या पुढच्या नाटकाचा आराखडा, म्हणजे दार कोठे, चूल कोठे, बाज कोठे, त्यातली दाराची एक रेघ तेवढी गाद्यांच्या बाहेर दिसत होती. संस्थेला लेखी सूचना नाही, तोंडी निरोप नाही. भिंतीवरच्या कपाटातील आमच्या संहिता आणि कपडेपट कोठे नेला, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

दुसरी तक्रार मुलींच्या बाबतीतली आहे आणि ती मला सर्वांत अधिक लागते. खोली गेल्यापासून आम्ही एका मंदिराच्या सभामंडपात, एका सदस्याच्या गच्चीवर आणि पावसाने गच्ची बंद झाल्यावर एका दुकानाच्या मागच्या गोदामात तालमी करून पाहिल्या. सहा मुलींपैकी चौघींना घरून मनाई झाली. त्यांच्या पालकांना मी दोष देत नाही. नगरपरिषदेची वास्तू, दारावर रखवालदार, बाहेर दिवा आणि हमरस्ता, एवढ्या विश्वासावर ते मुलींना रात्री दहापर्यंत पाठवत होते. परक्या गोदामात ते कशाच्या भरवशावर पाठवतील? मी स्वतः सोळाव्या वर्षी त्याच विश्वासावर घराबाहेर पडले होते. माझ्या आईने तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, की तालीम कोठे असते, आणि उत्तर ऐकून ती गप्प बसली होती. आज माझ्या संस्थेतल्या मुलीला तिच्या आईला द्यायला ते उत्तर उरलेले नाही.

तिसरी गोष्ट दराची. आजवर स्थानिक हौशी संस्थेला नाटकाच्या प्रयोगासाठी सभागृह तीन हजार रुपयांत मिळत होते. नव्या दरपत्रकात लग्न, वाढदिवस, कंपनीचा मेळावा आणि नाटक यांना एकच दर आहे, अठरा हजार रुपये आणि तितकीच अनामत. आमच्या गेल्या नाटकाचा नेपथ्यापासून रंगभूषेपर्यंतचा एकूण खर्च बेचाळीस हजार झाला होता आणि तो आम्ही वर्गणीतून उभा केला. हा दर राहिला तर आमचा वर्षातला दुसरा प्रयोग होणार नाही, आणि एकाच प्रयोगावर कोणताही नट किंवा दिग्दर्शक पुढे सरकत नाही.

मंचाबद्दलही लिहिले पाहिजे, कारण ते नुकसान डोळ्यांना चटकन दिसत नाही. लाकडी फळ्यांचा मंच झाकून त्यावर गुळगुळीत टाइल्स बसवल्या आहेत. विंगा, झालरी आणि मागचा काळा पडदा काढून तिथे लग्नाच्या सजावटीचा कायमचा सांगाडा ठोकला आहे. प्रकाशयोजनेचे दिवे टांगण्याचे आडवे पाइपही उतरवले आहेत. टाइल्सवर नट अनवाणी धावला की घसरतो आणि पावलाचा आवाज संवादाच्या वर जातो. लाकूड पाय झेलते, म्हणून मंच लाकडाचा करतात. हे सगळे परत बसवायचे म्हटले तर जो खर्च येईल तो करारात कोणी भरायचा, याची तरतूद मला दिसली नाही.

आपल्या बाजूचाही मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. नगरपरिषदेला उत्पन्न हवे, वीजबिल आणि रखवालदाराचा पगार भागला पाहिजे, आणि सामान्य कुटुंबाला लग्नासाठी परवडणारे सभागृह हवे, हे मला पूर्ण मान्य आहे. माझ्या धाकट्या भावाचे लग्न याच सभागृहात झाले. पण मग पंचांग आणि नाटकाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावे, अशी माझी विनंती आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे सहसा लग्ने होत नाहीत. त्या चार महिन्यांत हे सभागृह बहुतेक दिवस बंद असते. शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेची, जी अनेक दशकांपासून चालू आहे, आमची तयारी नेमकी याच महिन्यांत चालते, कारण प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीच्या पुढेमागे येते. धानाची रोवणी (लावणी) आटोपल्यावर आमचे शेतकरी सदस्यही याच दिवसांत मोकळे होतात. झाडीपट्टीतील कलावंतांचा हंगाम दिवाळीनंतरचा, त्यामुळे पावसाळ्यात त्यांच्याही हाताला काम नसते. लग्नांना जे महिने नको आहेत, तेच नाटकाला हवे आहेत. दोघांत भांडण नसताना एकाला घराबाहेर काढण्याची गरज का पडली, हे मला समजलेले नाही.

‘एवढ्याशा गावात नाटकाची एवढी व्यवस्था कशाला’ असे एका सन्माननीय सदस्यांनी मला भेटीत विचारले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून उत्तर नीट देते. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे खेडे आहे, सुपारीच्या बागांमधले, आपल्या शहरापेक्षा कितीतरी लहान. तिथल्या मंडळींनी १९४९ साली नीनासम ही संस्था काढली, के. व्ही. सुब्बण्णा यांनी ती वाढवली, १९८० साली तिथे नाट्यप्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे त्यांची फिरती मंडळी राज्यभर नाटके घेऊन जाऊ लागली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दूरदूरहून मुले त्या खेड्यात नाटक शिकायला जातात. याहून जवळचे उदाहरण आपल्या शेजारच्या छत्तीसगडचे आहे. नाटककार-दिग्दर्शक हबीब तन्वीर लंडनला नाट्यशिक्षण घेऊन आले आणि छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांबरोबर काम करू लागले. सुरुवातीला त्यांचे नीट जमत नव्हते. आपण या कलावंतांना आखून दिलेल्या जागी उभे करतो आणि त्यांच्या बोलीबाहेरची भाषा बोलायला लावतो, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि तसे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलेही. १९७३ साली रायपूरला त्यांनी नाचा कलावंतांची महिनाभराची कार्यशाळा घेतली आणि तिथून त्यांच्या कामाला त्याचे खरे रूप आले. मी त्यांच्या पासंगालाही पुरणारी नाही. परंतु शहरातून शिकून आलेल्या दिग्दर्शकाला आपल्या मातीतल्या कलावंतांबरोबर सलग महिनाभर एका छताखाली बसता आले की काय होते, याचा तो दाखला आहे. दंडार आणि खडी गंमत ही आपली लोकनाट्ये करणारे वयोवृद्ध कलावंत आपल्या तालुक्यात अजून आहेत. त्यांच्याकडून मला आणि माझ्या वयाच्या दिग्दर्शकांना शिकायचे आहे, आणि त्यांच्यासमोर आमचे वर्गातले शिक्षण तपासून घ्यायचे आहे. त्यासाठी छत लागते.

म्हणून माझ्या आणि आमच्या संस्थेच्या मागण्या अशा आहेत. तालमीची खोली करारातून वगळावी, ती रिकामी करून द्यावी आणि शहरातील सर्व हौशी नाट्यसंस्था, शाळा-महाविद्यालये व लोककलावंत यांना रोज संध्याकाळी सात ते दहा या वेळेत नाममात्र शुल्कात पाळीपाळीने वापरू द्यावी. नोंदवही आम्ही ठेवू आणि साफसफाईही करू. आमच्या संहिता व कपडेपट कोठे आहे ते तातडीने कळवून परत द्यावा. सभागृह कंत्राटदाराकडेच राहणार असेल तर आषाढी एकादशी ते तुळशीविवाह या काळातील प्रत्येक आठवड्याचे दोन दिवस, आणि एरवी दरमहा दोन तारखा, नाटक व लोककलांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्या दिवशी स्थानिक संस्थांना जुनाच दर लावावा. मंचावरील टाइल्स काढून लाकडी मंच मोकळा करावा, पडदे, झालरी व दिव्यांचे पाइप पुन्हा बसवावेत आणि लग्नाची सजावट सुटी, उभारून काढता येईल अशी असावी. कलावंतांच्या खोलीतील स्त्रियांच्या बाजूच्या दाराला आतून कडी बसवावी. ही मागणी गेली तीन वर्षे आम्ही दर अर्जात लिहीत आलो आहोत. दरवर्षी पावसाळ्यात एक महिनाभराची कार्यशाळा नगरपरिषदेने अर्थसंकल्पात तरतूद करून घ्यावी, तिच्यात झाडीपट्टीचे अनुभवी कलावंत आणि नाट्यशास्त्र शिकलेले तरुण दोघेही शिकवतील व दोघेही शिकतील. पहिल्या वर्षी मी हे काम मानधनाशिवाय करायला तयार आहे. आणि सभागृहाबाबत यापुढे कोणताही निर्णय घेण्यापूर्वी नाट्यसंस्थांच्या प्रतिनिधींना सभेत म्हणणे मांडू द्यावे.

यातील कोणतीही मागणी एका संस्थेपुरती किंवा माझ्यापुरती नाही. शहरात आणखी तीन नाट्यसंस्था आहेत. स्पर्धेत आम्ही एकमेकांसमोर उभे राहतो, पण याच मागण्यांच्या अर्जावर चारही संस्थांच्या सदस्यांनी सह्या केल्या आहेत आणि तो अर्ज या पत्रासोबत जोडला आहे.

आमची संहिता तयार आहे आणि भूमिका वाटून झाल्या आहेत. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता वाचनाला बसायचे ठरले आहे. ज्या चार मुलींना घरून मनाई झाली, त्यांच्या भूमिका मी अजून दुसऱ्या कोणाला दिलेल्या नाहीत. खोली मिळाली तर त्यांच्या घरी जाऊन पालकांना मी स्वतः सांगेन. पोळ्याआधी होणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, आम्हाला पंधरा मिनिटे बोलू द्यावे आणि निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
शहरातील एक नाट्यदिग्दर्शिका